किहीमचे बांडगूळ आणि सलीम अली

मुतखड्याचा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतो, तेव्हा सोनोग्राफीच्या कागदांबरोबर त्याच्या पिशवीत कधीकधी पाल्याची जुडीही असते. किनारपट्टीवरच्या गावांतून आलेल्या माणसाकडे ती पुष्कळदा बांडगुळाची असते. याचा काढा घे, खडा विरघळेल, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. हे कोणत्या झाडावरचे बांडगूळ, असे मी विचारले की तो जरा आश्चर्याने माझ्याकडे पाहतो. बांडगूळ ते बांडगूळ, त्यात झाड कशाला विचारायचे, हा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

झाड का विचारायचे ते लेखाच्या शेवटी सांगतो. त्याआधी आणखी एक प्रश्न आहे. मातीत न रुजणारी ही वनस्पती आंब्याच्या उंच फांदीवर पोहोचते कशी? तिच्या फुलाचे फळ कोणामुळे होते आणि त्या फळातले बी नेमके फांदीवरच कोण नेऊन ठेवतो? आपल्या कोकणापुरते याचे उत्तर १९३० च्या सुमारास एका माणसाने शोधले. तेव्हा तो चौतिशीचा होता आणि त्याची नोकरी गेलेली होती. त्याचे नाव सलीम अली. पक्ष्यांचे सलीम अली सगळ्यांना माहीत आहेत. बांडगुळाचे सलीम अली फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवले. मामांना शिकारीची आवड होती. दहा-बारा वर्षांच्या सलीमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्या मुलापुढे उघडले. पुढच्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

ती वाट सरळ मात्र नव्हती. तेराव्या वर्षापासून त्यांना डोकेदुखीने इतके छळले की शाळा सारखी बुडू लागली. कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना सिंधमधील नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. मग ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाच्या वुल्फ्रॅम खाणी आणि लाकडाचा धंदा पाहायला गेले. तिथे धंद्यापेक्षा त्यांचे लक्ष जंगलाकडेच अधिक. मुंबईला परतल्यावर त्यांनी वाणिज्याचा अभ्यास केला आणि सेंट झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्रही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हेतील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना निसर्गविभाग समजावून सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये.

ही नोकरी त्यांना अपुरी वाटत होती. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्राच्या म्युझियममध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. पक्षी मारून, कातडे सोलून, लेबल लावून कप्प्यात ठेवणे म्हणजे पक्षिशास्त्र, असा तो काळ होता. जिवंत पक्षी काय करतो, काय खातो, कसा जोडीदार निवडतो, हे पाहणे हेही शास्त्रच आहे, ही दृष्टी तिथे पक्की झाली. १९३० मध्ये ती घेऊन ते परत आले. पाहतात तो पैशाअभावी म्युझियमने त्यांची जागाच रद्द केलेली.

मुंबईत भाड्याने राहणे परवडणारे नव्हते. पतीपत्नी खाडीपलीकडे किहीमला येऊन राहिले. अलिबागच्या उत्तरेला समुद्राला लागून असलेले हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते पुढे १९८१ मध्ये. किहीमला नारळ-सुपारीच्या वाड्या होत्या, आंब्याची झाडे होती, भातखाचरे होती आणि हाताशी रिकामा वेळ होता. आपल्या भाषेत दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला बांडगूळ म्हणतात. बिनपगारी झालेल्या त्या वर्षात सलीम अलींनी नेमके बांडगुळाकडेच दुर्बीण वळवावी, हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो.

आपल्याकडे आंब्यावर जे बांडगूळ सर्रास दिसते, त्याचे तेव्हाचे शास्त्रीय नाव लोरँथस लाँजिफ्लोरस. आज त्याला डेंड्रोफ्थी फाल्काटा म्हणतात. ते पूर्ण परोपजीवी नाही. पाने हिरवी असल्याने आपले अन्न ते स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या फांदीत शोषकमुळे घुसवून ओढून घेते. फूल तीन-चार सेंटीमीटर लांबीच्या, किंचित वाकलेल्या नळीसारखे असते. नळी केशरी-लालसर, टोक हिरवट. वास जवळजवळ नाहीच. तळाशी मात्र मध भरपूर.

आता या फुलाकडे मधमाशीच्या नजरेने पाहा. तुळस, शेवगा, करंज अशा आपल्या कितीतरी औषधी वनस्पतींचे परागीभवन मधमाश्या करतात. सातेरी, आग्या, फुलोरी या आपल्या परिसरातल्या जुन्या कामकरी माश्या आहेत. पण मधमाशीला तांबडा रंग रंग म्हणून दिसत नाही, तो तिला काळपट वाटतो. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले होते. सातेरी माशीची सोंड अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास, आणि इथे नळी तिच्या सहा-सातपट लांब. त्यातून कळी तयार झाली तरी ती सहसा आपणहून उमलत नाही. तिच्या पाकळ्यांच्या कडा ताणून एकमेकींना धरून असतात. ती उघडायला बाहेरून दाब लागतो, आणि तेवढा जोर माशीच्या अंगी नसतो.

तो जोर शिंजिराच्या चोचीत असतो. शिंजीर म्हणजे बोटभर लांबीचा, बाकदार चोचीचा, उन्हात चमकणारा सूर्यपक्षी. पिकलेल्या कळीला त्याने चोचीने चिमटा काढला की पाकळ्या झटकन फाकतात, पुंकेसर मोकळे होतात आणि परागकण पक्ष्याच्या कपाळावर उडतात. पक्षी मध पिऊन पुढच्या फुलावर जातो आणि कपाळावरचा पराग तिथल्या कुक्षीला लागतो. एका झाडावरचा पराग दुसऱ्या झाडावरच्या बांडगुळापर्यंत पोहोचतो तो असा. मध हा या कामाचा मोबदला. सलीम अलींनी किहीमला शिंजिरांचा हा व्यवहार बारकाईने पाहिला आणि त्याच्या जोडीने दुसऱ्या पक्ष्याचाही.

तो दुसरा पक्षी म्हणजे फुलटोच्या. आठेक सेंटीमीटर लांबीचा, मातकट रंगाचा, आपल्या देशातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. तोही फुलांवर येतो, पण त्याची खरी ओढ बांडगुळाच्या फळांवर. पिकलेले फळ तो अख्खे गिळतो. त्याचे पचन इतके जलद असते की वरचा गर तेवढा वापरला जातो आणि काही मिनिटांत बी शाबूत बाहेर पडते. या बीभोवती डिंकासारखा चिकट थर असतो. त्यामुळे ते सहजी खाली पडत नाही. पक्ष्याला बूड फांदीवर घासून ते सोडवावे लागते आणि बी फांदीला चिकटून बसते. मातीत पडले असते तर ते मेले असते. फांदीवर पडल्यामुळे त्याला मोड येतो, मोड साल भेदतो आणि नवे बांडगूळ उभे राहते.

म्हणजे फळ धरण्याच्या कामाला शिंजीर आणि पेरणीच्या कामाला फुलटोच्या. कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात या दोन पक्ष्यांचा वाटा काय, या विषयावरचा सलीम अलींचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३१ साली आला. जेमतेम सहा पानांचा. लगेच १९३२ मध्ये त्याच जर्नलमध्ये त्यांनी फुलांवर जगणारे भारतीय पक्षी आणि पक्ष्यांवर विसंबून असलेली फुले, यांवर मोठा लेख लिहिला. फूल आणि कीटक ही जोडी तोवर सगळ्यांच्या परिचयाची होती. फूल आणि पक्षी या जोडीकडे आपल्या देशात इतक्या नेटाने पाहणाऱ्यांत सलीम अली अगदी पहिल्या फळीतले.

त्याच किहीमच्या मुक्कामात त्यांनी सुगरणीचा संसारही उलगडला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो आणि ती अंडी घालायला बसली की तो दुसरे घरटे विणून दुसरी मादी आणतो. ही नोंद त्यांना जगभर नाव मिळवून देणारी ठरली. बांडगुळाचा लेख तिच्या सावलीत राहिला.

डॉक्टर म्हणून मला मात्र बांडगुळाचाच लेख जवळचा वाटतो, कारण त्यांनी जे केले ते साथरोगाच्या तपासासारखे आहे. रोग कोणता, त्याचे वाहन कोण, तो नव्या शरीरात शिरतो कसा, हे तीन प्रश्न हिवतापाबाबत आम्ही विचारतो. आंब्याच्या दृष्टीने बांडगूळ हा रोगच आहे. त्याचा वाहक फुलटोच्या, आणि शिरकाव चिकट बीमधून. फळे खायला तो पुन्हापुन्हा त्याच झाडांवर येतो, म्हणून एकदा लागण झालेली बाग भराभर भरत जाते. नुसती पाने ओरबाडून उपयोग होत नाही, कारण फांदीच्या आतले शोषक तंतू पुन्हा फुटतात. फळे पिकण्याआधी, बांडगूळ जिथे चिकटले आहे त्याच्या खाली फांदी कापणे, हाच खरा उपाय. साखळी कुठे तोडायची हे कळायला आधी साखळी दिसावी लागते.

साखळी दिसली की दुसरीही गोष्ट कळते. पक्षी मारणे हा उपाय नव्हे. हेच शिंजीर पांगारा आणि इतर रानफुलांवर येतात, पिल्लांना किडे-कोळी भरवतात. बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू नावाच्या देखण्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. बागेत नको असलेले बांडगूळ रानात कितीजणांचे पोट भरते.

या वनस्पतीच्या पोटातली एक गंमत पुढे भारतीय शास्त्रज्ञांनीच उलगडली. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि ब्रिज मोहन जोहरी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या कुळाच्या फुलांचा आतून अभ्यास केला. बहुतेक वनस्पतींत स्त्रीबीज तळाशी अंडाशयात थांबते आणि परागनलिका लांबचा प्रवास करून त्याच्यापर्यंत उतरते. बांडगुळाच्या कुळात स्त्रीबीज असलेला भ्रूणकोषच परागनलिकेच्या दिशेने कुक्षिवृंतात वर चढतो. बीजाला नेहमीचे बीजावरणही नसते. त्याची कामगिरी तो चिकट थर करतो, ज्याच्यामुळे फुलटोच्याला फांदीवर बूड घासावे लागते.

किहीमचे दिवस फार टिकले नाहीत. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, खर्च तेवढा द्या, असा प्रस्ताव सलीम अलींनी मांडला. संस्थानांना तो स्वस्त पडला आणि देशाला फळला. तंबूतल्या या भटक्या संसारात तेहमिना त्यांच्याबरोबर असत. १९३९ मध्ये एका साध्याशा शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि त्या गेल्या. पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडले होते, पण ते रुग्णांच्या हाती यायला अजून काही वर्षे होती. आज तालुक्याच्या रुग्णालयातही वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी असा रुग्ण वाचण्याची चांगली शक्यता असते. माझ्या हातून ती औषधे रोज दिली जातात. ती प्रत्येक तापाला वाटेल तशी घेऊ नका असे मी बजावतो, तेव्हा त्याच्यामागे अशा मृत्यूंची आठवण असते. ही शस्त्रे बोथट झाली तर आपण पुन्हा १९३९ मध्ये जाऊ.

सलीम अली त्यानंतर बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहिले. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि त्या पुस्तकाने पिढ्यान् पिढ्या लोकांच्या हाती दुर्बीण दिली. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. तेव्हा सलीम अली सत्तरी ओलांडून गेले होते.

आरोग्यखात्याशीही त्यांचा संबंध आला. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. या माकडतापाचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता होता. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर आला असावा का, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचे मोठे काम सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हाती घेतले. पक्ष्यांवरचा संशय टिकला नाही. विषाणू इथल्याच जंगलातला ठरला. पण या निमित्ताने पक्ष्यांच्या प्रवासाची अमोल माहिती मिळाली. हाच माकडताप २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही दिसतो आहे. त्याचा वाहक गोचीड आहे हे ठाऊक असल्यामुळे, काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घाला आणि गोचिडांपासून जपा, असे आम्ही सांगू शकतो.

पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व असे मान त्यांच्या वाट्याला आले. १९८७ च्या जूनमध्ये, नव्वदी पार केल्यावर, प्रोस्टेटच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आता पिशवीतल्या जुडीकडे परत येऊ. बांडगूळ हे जुने औषध आहे. सुश्रुतसंहितेत मुतखडा आणि लघवीच्या तक्रारींसाठी जो वीरतर्वादी गण सांगितला आहे, त्यात वृक्षादनीचे नाव येते आणि वृक्षादनी म्हणजे बांडगूळ असे बहुतेक जाणकार मानतात. प्राण्यांवर काही प्रयोग झाले आहेत. पण माणसांवरच्या पुरेशा आणि नीट चाचण्यांचा आधार या काढ्याला नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे पुरेसे पाणी प्यायल्यावर बहुतेक वेळा आपोआप पडतात. श्रेय मात्र काढ्याला जाते. मोठा खडा लघवीची वाट अडवून बसला असेल आणि काढ्याच्या भरवशावर दोन महिने गेले, तर मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर एक दिवसही थांबू नये.

आणि झाड का विचारायचे? बांडगूळ यजमानाच्या रसावर जगते. त्या रसात जे असेल, ते त्याच्या पानांत येऊ शकते. काजऱ्यावर, म्हणजे कुचल्यावर, वाढलेल्या बांडगुळात कुचल्याचीच विषारी द्रव्ये आढळल्याच्या जुन्या नोंदी आपल्या देशातल्याच आहेत. त्या विषाने अंगाला झटके येतात आणि श्वास बंद पडू शकतो. काजरा आपल्या किनाऱ्यावर जागोजागी आहे, आणि फुलटोच्या बी पुसताना आंबा की काजरा हे पाहत नाही. बाजारातून किंवा शेजाऱ्याकडून आलेल्या सुकलेल्या पाल्यावर यजमानाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून जुडी आणलीच असेल, तर ती पिण्याआधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवा.

थंडीच्या दिवसांत अलिबाग-किहीमच्या बाजूला गेलात, तर एखाद्या जुन्या आंब्याखाली दहा मिनिटे उभे राहा. पानांच्या गर्दीत वेगळ्या हिरव्या रंगाचा झुबका दिसेल, केशरी नळ्या दिसतील. थोडे थांबलात तर शिंजीर येईल आणि कळीला चिमटा काढील. सलीम अलींनी किहीमला हेच पाहिले. पगार नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे वेळ होता, आणि तो त्यांनी सगळ्यांना टाकाऊ वाटणाऱ्या झुडपाखाली उभे राहून घालवला.